शेत रिकामं झालं की पितर येतात

खानदेशात मेलेल्या माणसांना घरी यायला भर उन्हाळा नेमून दिलेला आहे. वैशाख शुद्ध तृतीयेला पंचांग अक्षय्य तृतीया म्हणतं, सराफ साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणतात. धुळे-जळगावकडे ती आखाजी. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे गेलेला, पांझरा नदीचं पात्र कोरडं, विहिरींनी तळ गाठलेला. अशा दिवसांत पितर येतात, म्हणून त्यांच्यासाठी सगळ्यात आधी पाणी भरून ठेवायचं. मातीची नवी घागर आणायची, पाण्याने भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, सोबत सांजोरी आणि आंबे. घरातलं कुणी त्याच वर्षात गेलं असेल तर घागरीऐवजी डेरगं हे मातीचं भांडं पुजतात.

या विधीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग उंबरठ्यावर घडतो. सकाळी उंबरठा धुऊन पुजतात आणि एकेका पूर्वजाचं नाव घेत त्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात. आजा, पणजा, आजी, तरुणपणी गेलेला काका. जेवढी नावं आठवतील तेवढी बोटं. मग खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई असा स्वयंपाक होतो. शेणाच्या गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास सोडून आगारी टाकतात. गावातल्या कुणाला तरी ‘पितर’ म्हणून जेवायला बोलावलेलं असतं. तो जेवला की आपली माणसं जेवली.

हे सगळं नव्याने डोळ्यांसमोर आलं ते विक्का या पंथाबद्दल वाचताना. आत्म्याचा प्रवास आणि ऋतूंचं फिरणं ही एकच गोष्ट आहे, असं मानणारा हा पाश्चात्त्य पंथ. त्याचं आजचं रूप तसं कोवळं आहे. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने पुस्तक लिहून आपला पंथ जगापुढे मांडला. गार्डनरच्या आयुष्याची कित्येक वर्षं सिलोन आणि मलायात गेली होती. पुनर्जन्माची कल्पना त्याच्या पंथात इतकी मध्यभागी आहे, त्यामागे या मुक्कामाचाही हात असावा असं मला वाटतं. पंथाची परंपरा इसवी सनापूर्वीपासून अखंड चालत आल्याचा दावा इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९च्या ग्रंथात बारकाईने तपासला आणि तो टिकत नसल्याचं दाखवलं. आज अनेक विक्का उपासक ते मोकळेपणाने मान्य करतात आणि तरीही श्रद्धेने सण पाळतात. सण जुना असला तरच खरा, असं मलाही वाटत नाही.

त्यांच्या वर्षाला ते चक्र म्हणतात. चक्रावर आठ सण. डिसेंबरच्या सर्वांत लांब रात्री सूर्यदेव देवीच्या पोटी जन्मतो. फेब्रुवारीत उजेड वाढू लागतो, मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात, १ मेच्या सुमारास तो तरुण देव देवीशी एकरूप होतो. जूनमध्ये त्याचं तेज कळसाला पोचतं. १ ऑगस्टला पहिली कापणी, तेव्हा धान्याच्या रूपाने देव स्वतःलाच देऊन टाकतो. सप्टेंबरात दुसरी कापणी होते. आणि ३१ ऑक्टोबरला, सावन नावाच्या सणाला, तो मृत्यूच्या प्रदेशात उतरतो. पुढच्या डिसेंबरात त्याच देवीच्या पोटी परत येतो. माणसाचा आत्माही असाच चालतो, अशी त्यांची धारणा. मृत्यूनंतर तो एका प्रसन्न, विसाव्याच्या प्रदेशात राहतो, ताजा होतो आणि पुन्हा जन्म घेतो. गार्डनरने सांगितलेल्या कथेत तर परत येताना आपण ज्यांच्यावर प्रेम केलं त्यांच्याच काळात, त्यांच्याच जवळ जन्मावं, अशी आस आहे.

सावनच्या रात्री जिवंतांच्या आणि मृतांच्या जगांमधला पडदा विरळ होतो असं ते मानतात. त्या वर्षात गेलेल्यांची नावं मोठ्याने घेतात. काही जण मृतांसाठी ताट वाढून ठेवतात आणि न बोलता जेवतात. उंबरठ्यावरची बोटं, डेरगं आणि पितराचं पान ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं काहीच परकं वाटू नये.

पण ऋतू मात्र उलटा. त्यांचे मृत थंडीच्या तोंडाशी येतात, आमचे ऐन उन्हात. हे कसं? उत्तर शेतात आहे. इंग्लंड-आयर्लंडकडे ऑक्टोबर संपता संपता धान्य कोठारात गेलेलं असतं, गुरं कुरणावरून खाली आणलेली असतात, जमीन उघडी पडते. खानदेशात जमीन उघडी पडते ती वैशाखात. गहू, हरभरा, दादर ज्वारी काढून खळं उरकलेलं असतं, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, नांगरटीची काळी ढेकळं उन्हात तापत पडलेली असतात. पाऊस अजून दीड महिना लांब. दोन्हीकडे मृतांना बोलावलं जातं ते धरती रिकामी असताना, एक पीक संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या फटीत. माझं म्हणणं एवढंच आहे की मृतांची वेळ थंडी किंवा ऊन ठरवत नाही. ती शेत ठरवतं.

याला पुरावा ऑस्ट्रेलियातला आहे. तिथे ऋतू उत्तरेच्या उलट, त्यामुळे तिथल्या बहुतेक विक्का उपासकांनी चक्र फिरवून घेतलं आणि सावन एप्रिलच्या अखेरीला आणला. २०२५ साली आखाजी ३० एप्रिलला होती. म्हणजे ऑस्ट्रेलियातली मंडळी मृतांची नावं घेत होती त्याच सुमारास धुळ्यात घागरी भरल्या जात होत्या.

पितृपक्षाचं काय, असं कुणी विचारेल, आणि ते योग्यच आहे. भाद्रपदात तर बाजरी-ज्वारी उभी असते, कपाशी बोंडावर येते. शेत भरलेलं असताना पितर येतातच ना? येतात. पण पितृपक्ष अवघ्या देशाचा, शास्त्राने आखलेला, आणि त्यात ज्याची त्याची तिथी असते. वडील अष्टमीला गेले तर अष्टमीला. आखाजीला तिथी विचारत नाहीत. सगळे एकदम येतात, ज्यांच्या मृत्यूचा दिवस घरात कुणालाच ठाऊक नाही तेही. म्हणून मला आखाजी मातीतून उगवलेली वाटते.

शिवाय त्या दिवशी फक्त मृतच घरी येत नाहीत, हे विसरून चालणार नाही. लेकीही येतात. खानदेशातल्या सासुरवाशिणीचा हा माहेरपणाचा मोठा सण. कडुनिंबाला झोके बांधलेले, गाणी चाललेली. चैत्रात बसवलेली गौराई, म्हणजे शंकराच्या घरून माहेरी आलेली पार्वती, तिचाही हा निरोपाचा सण. तिच्यासाठी टोपलीत माती घालून गहू पेरतात, ते सावलीत पिवळेधमक वाढतात. सालदारांचं वर्षही आखाजीलाच संपतं आणि त्याच दिवशी नवा करार ठरतो. लेक, देवी, गडी आणि पितर, सगळ्यांचं येणं-जाणं एकाच दिवसाला बांधलंय. विक्काच्या चक्रात आत्मा एकटा प्रवास करतो, निदान मला तसा दिसतो. आमच्याकडे तो वाटेवर एकटा नसतो. सासरहून माहेरी येणारी लेक ज्या वाटेने येते, त्याच वाटेने आजोबाही येतात, पाहुणे म्हणून राहतात आणि परत जातात. पितराचं जाणं जसं दुखतं तसंच गौराईला निरोप देताना बायकांचे डोळे भरतात.

बहिणाबाई चौधरींना हे नीट कळलं होतं. १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेल्या या शेतकरी बाईने आखाजीवर गाणं रचलं, जमिनीच्या कुशीत निजलेल्या बियाण्यावरही रचलं, आणि जगणं-मरणं यांच्यातलं अंतर एका श्वासाचं असल्याचंही सांगितलं. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईला आत्मा आणि ऋतू जोडण्यासाठी कोणतं चक्र आखावं लागलं नाही. पेरणी ते खळं एवढंच पुरलं. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली गाणी छापून आली, म्हणून निदान आपल्यापर्यंत पोचली.

एक गोष्ट मात्र इथे बोलायलाच हवी. विक्काचे लोक स्वतःला अभिमानाने चेटकी म्हणवतात. इकडे सातपुड्याच्या पाड्यांवर मात्र ‘डाकीण’ हा शिक्का बसलेल्या बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे, जीवही गेले आहेत. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, तो अशा बायकांसाठीही आहे. लंडनमधल्या बाईने हौसेने घेतलेलं नाव धडगाव-अक्राणीतल्या बाईवर लादलं जातं, तेव्हा तिचं शेत आणि घर दोन्ही जातं. आत्म्याच्या प्रवासाबद्दल आस्थेने लिहिणाऱ्याने जिवंत बाईच्या वाटेकडेही तितकंच लक्ष द्यायला हवं.

आता शेतच बदलतंय. रावेर-यावल पट्ट्यात केळी बारमाही उभी असते, तिथे वैशाखात जमीन रिकामी सापडत नाही. लाखो खानदेशी सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये, पुण्यात, कल्याणात राहतात. त्यांचा खळ्याशी संबंध तुटला, घागरीशी तुटला नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी तिथल्या बाजारात लाल घागरी, डांगरं आणि आंबे एकाच गाडीवर मिळतात. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घराला लाकडी उंबरठा नसतो. बायका फरशीच्या पट्टीवर बोटं ओढतात. आगारीला गोवरी मिळत नाही, तेव्हा कोळशाचा तुकडा गॅसवर पेटवून घेतात. पितराचं पान शेजारच्या ओळखीच्या माणसाला वाढलं जातं, आणि जेवून उठताना तो विचारतो, गावाकडे पाऊस कधी म्हणताहेत.