थोटे हात आणि टाळ

काल कीर्तन सुटल्यावर एक माउली दर्शनाला आले. डावा हात उपरण्यात. म्हटलं, गळ्यात माळ आहे, मग टाळ का नाही? म्हणाले, "महाराज, उसाच्या फडात कोयता लागला. तीन बोटं गेली. आता कडेलाच बसतो."

आपल्या बीड जिल्ह्याला हे दुःख समजावून सांगायला नको. दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं कारखान्याला निघतात. उजव्या हातात कोयता, डाव्या हातात ऊस. कोयता निसटला की जातो तो डावाच हात. पण एका फडानं बोटं नेली, म्हणून दुसऱ्या फडानं, आपल्या वारकऱ्यांच्या फडानं, माणूस कडेला बसवायचा का?

गोरोबाकाकांचं तेर इथून किती लांब? केज सोडलं, कळंब ओलांडलं की आलंच. काकांचे दोन्ही हात गेलेले. पंढरीला नामदेवरायांचं कीर्तन चाललंय, सगळे हात वर करून टाळी वाजवतायत, आणि काकांनीही थोटे हात वर केले. हात परत फुटले, ही कथा लेकरांनाही ठाऊक आहे. मला मात्र त्याच्या आधीचा क्षण फार मोठा वाटतो. हात फुटायच्या आधी थोटेच वर गेले होते हो! आणि त्या मेळ्यात "काका, तुम्ही राहू द्या" असं कुणी म्हटलं नाही.

आता वाजवायचं कसं, तेही ऐका. चिपळ्या एका हातानं वाजतात, त्याला दुसरा हात लागतच नाही. टाळाची एक वाटी मांडीवर फडक्यानं घट्ट बांधा, दुसरी हातात घ्या. पखवाजाला शाईच्या बाजूला बोटं लागतात. कणीक लावलेल्या धुमेला पंजा लागतो. म्हणजे डाव्या हाताची बोटं गेली तरी धूम बोलते. उजव्याची गेली असतील तर पखवाज फिरवून घ्या. डावखुरे तसंच वाजवतात. नवीन हाताला वळण लागायला दिवस जातील, बोल थोडे साधे होतील, पण भजनी ठेका धरता येतो. पेटीचा भाता दुसऱ्यानं ओढावा. पूर्वी नाटकवाले पायपेटी वाजवायचे, तिथं भात्याला हातच लागत नव्हता. फक्त एक करा, जखम पुरती भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत कातड्यावर थाप मारू नका. घाई केली तर आहे तेही जाईल.

आणि वीणा? ती गळ्यात असते. डाव्या हाताचा आधार पुरतो, तारेला उजव्याचं एक बोट बास.

आपल्या सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, आणि पहाटे तीन ते पाचच्या पहाऱ्याला माणूस मिळत नव्हता. आज पहाटे ते माउली उभे होते. उद्याचाही पहारा त्यांचाच आहे. काकड्याला लवकर या, म्हणजे वीणा त्यांच्याच हातून घ्याल.