दुखण्याचे नाव आणि बिलाचा आकडा

परतवाड्याच्या लाकूडबाजारात आणि जिनिंगमध्ये राबणाऱ्या माणसांची गाऱ्हाणी ऐकण्यात आमची तीसएक वर्षे गेली. पगार, बोनस, ग्रॅच्युइटी, फंड हे आमचे नित्याचे विषय. दवाखान्याच्या बिलाशी आमचा संबंध येण्याचे वास्तविक कारण नव्हते. शाळा तर आम्ही सातवीतच सोडलेली. पण जे कामगाराच्या खिशातून जाते ते वाचायला शिकणे आम्हांला भागच पडते. मॅमोग्रामच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या एका बिलाने आम्हांला जे शिकविले ते दुसऱ्या कशानेही शिकविले नाही. कारण त्या प्रकरणात चूक आमचीच होती.

हकीकत अशी. आमच्या युनियनमधील एका बाईंच्या डाव्या स्तनाला गाठ लागली. गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन अमरावतीहून मॅमोग्राम करून आणावयास सांगितले. बाई घाबरल्या, आणि घाबरल्या त्याहून अधिक लाजल्या. त्यांना धीर यावा म्हणून आम्ही म्हटले, "माय, कोणी इचारलं तं साधी तपासनी कराले आली म्हनून सांगजा." त्यांनी तसेच सांगितले, डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीतच राहिली. तिथल्या मुलाने पावतीवर 'नियमित तपासणी' असे लिहून टाकले. पुढे गाठीचा तुकडा तपासला, कर्करोग निघाला. मुलगा पुण्यास नोकरीला, त्याच्या कंपनीचा सामुदायिक विमा होता. त्यावर नागपुरात शस्त्रक्रिया झाली. विमावाल्यांनी शस्त्रक्रियेचे पैसे दिले आणि मॅमोग्रामचे नाकारले. बाई आमच्यापुढे कागद ठेवून म्हणाल्या, "भाऊ, मले गाठ होती म्हनूनच तं मी गेली ना? मंग बिना बिमारीची काऊन लिवली?"

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आम्हांला बरेच वाचावे लागले.

यंत्र एकच, बाई एकच, पण मॅमोग्राम दोन जातींचा असतो. काहीही त्रास नसताना केवळ वय झाले म्हणून करतात ती चाळणी-तपासणी. तीत प्रत्येक स्तनाची दोन, एक वरून व एक तिरपी, अशी चार चित्रे घेतात. गाठ, स्राव, कातडी ओढली जाणे असे काही लक्षण असताना करतात ती निदान-तपासणी. तीत संशयाच्या जागेची जास्तीची चित्रे घेतात, बहुधा सोनोग्राफीही जोडतात. बिलावर कोणती जात लिहावयाची हे यंत्र ठरवीत नाही. बाई कशासाठी आली यावरून ते ठरते. म्हणूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीतील एक ओळ पुढच्या साऱ्या हिशेबाचा पाया होय.

त्या ओळीचे पुढे आकड्यात रूपांतर होते. दुखण्यांना आकडे देण्याची ही पद्धत जुनी आहे. झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, ती निरनिराळ्या देशांतील मृत्यूंची तुलना करता यावी म्हणून. बिलाशी तिचा काही संबंध नव्हता. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती हाती घेतली आणि मृत्यूंबरोबर आजारही तीत आले. तिच्या दहाव्या आवृत्तीत स्तनाच्या कर्करोगाला सी ५०, नुसत्या गाठीला एन ६३, आणि लक्षण नसताना केलेल्या स्तनाच्या चाळणीला झेड १२.३ असे आकडे आहेत. २०२२ पासून अकरावी आवृत्ती अमलात आली आहे. पण विम्याच्या कागदांवर अजून दहावीचीच भाषा दिसते. मेलेल्यांची मोजदाद करण्यासाठी केलेली यादी जित्यांच्या पैशाचा निवाडा करू लागली, हा प्रवास आम्हांला मोठा विलक्षण वाटतो.

आता त्या बाईंचे पैसे का अडले ते पाहा. आपल्याकडील बहुतेक विमा इस्पितळात दाखल होण्याला बांधलेला असतो. दाखल होण्यापूर्वीच्या ठराविक दिवसांतला, बहुधा तीस दिवसांतला, खर्च मिळतो. पण तो त्याच आजारासाठी झालेला असला पाहिजे. केवळ तपासणीसाठी दाखल होणे तर विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरविलेल्या वगळणुकींच्या यादीत चौथ्या क्रमांकावर स्पष्ट लिहिलेले आहे. गाठ म्हणून लिहिले असते तर तो खर्च शस्त्रक्रियेच्या दुखण्याशी जोडला गेला असता. 'नियमित' या एका शब्दाने तो धागा तुटला.

अमेरिकेत नेमके उलट घडते. तिथे २०१० च्या कायद्यानंतर चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीची चाळणी-तपासणी बहुतेक विम्यांना फुकट करून द्यावी लागते. पण गाठ आहे म्हणून केली की ती निदानाची ठरते आणि पुष्कळदा बाईच्या खिशाला खार लागतो. ज्यांची मुले-सुना तिकडे आहेत अशा मंडळींनी हे ध्यानी ठेवावे, कारण इथला शहाणपणा तिथे उलटा पडतो. इकडे लक्षण नाही म्हणून पैसे नाहीत, तिकडे लक्षण आहे म्हणून नाहीत! तिथल्या नियमांतली एक गोष्ट मात्र आम्हांला पटली: बाहेरून तपासणीला आलेल्या रोग्याच्या कागदावर 'कर्करोगाचा संशय' असेल तर कर्करोगाचा आकडा लिहावयाचा नाही, गाठ दिसली तर गाठच लिहावयाची.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण, आमच्यातले काही हुशार लोक म्हणू लागले, की मग सरळ कर्करोगच लिहून आणावा, पैसे तरी सुटतील. यात खोटेपणा आहेच, शिवाय धोकाही आहे. दहांपैकी बहुतेक गाठी साध्या असतात. साध्या गाठीच्या बाईच्या नावावर एकदा सी ५० चढले की पुढच्या पॉलिसीत 'पूर्वीचा आजार' म्हणून तीन वर्षांपर्यंत थांबावे लागण्याची पाळी तिच्यावर येऊ शकते.

कामगाराच्या दृष्टीने दुखण्याचे नाव केवळ बिलापुरते नसते. कर्मचारी राज्य विम्यात साध्या आजारपणात ९१ दिवस, सत्तर टक्के दराने पैसे मिळतात. ठरलेल्या ३४ दीर्घ आजारांत, ज्यांत कर्करोग येतो, दोन वर्षांच्या सलग नोकरीनंतर ऐंशी टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मदत मिळू शकते. तेव्हा निदान पक्के झाल्यावरही दाखल्यावर 'स्तनाची गाठ' एवढेच राहिले, तर घरात चूल पेटण्याचाच प्रश्न उभा राहतो.

सरकारी योजनेची रीत तिसरीच. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत आपली अमरावती होती. २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचे नाव आहे. तीत प्रत्येक उपचाराला आकडा आणि आकड्याला ठरीव रक्कम असते. उपचाराला मंजुरी मिळाली की त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या त्या रकमेतच येतात. म्हणून बाहेर पैसे भरून तपासण्या करीत सुटण्यापूर्वी इस्पितळातील आरोग्यमित्राला गाठणे बरे.

जाता जाता आणखी एका आकड्याविषयी. मॅमोग्रामच्या अहवालाखाली बायरॅड्स म्हणून शून्यापासून सहापर्यंत एक अंक असतो. तो दुखण्याचा टप्पाही नव्हे आणि बिलाचा आकडाही नव्हे. शून्य म्हणजे चित्रे अपुरी, पुन्हा या. एक-दोन म्हणजे चिंता नाही. चार म्हणजे संशय आहे, तुकडा तपासा. एका घरी या चाराला 'चौथी स्टेज' समजून रडारड झालेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

आणि मॅमोग्राम परवडत नाही म्हणून हात जोडून बसण्याचेही कारण नाही. टाटा रुग्णालयाने मुंबईत १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी एका गटाला प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. त्याहून लहान वयात तसा लाभ दिसला नाही. सरकारच्या २०१६ च्या आराखड्यातही तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची अशी हाताने तपासणी सांगितली आहे. तिला ना यंत्र लागते, ना बिल.

त्या बाईंच्या प्रकरणात आम्ही गावच्या डॉक्टरांकडे गेलो. सुदैवाने त्यांच्या केसपेपरवर पहिल्या दिवसाचीच नोंद होती: डाव्या स्तनात गाठ, दोन महिन्यांपासून. त्यांनी तारखेसह तसे पत्र दिले. पिशवीतली मूळ चिठ्ठीही सापडली, हळदीचे बोट लागलेली. दोन्ही जोडून अर्ज पुन्हा केला आणि पावणेदोन महिन्यांनी पैसे मुलाच्या खात्यात जमा झाले. आता आमच्या ऑफिसातून कोणी बाई तपासणीला निघाली की आम्ही तिची चिठ्ठी आधी मागून वाचतो, आणि काउंटरवर तीच पुढे करावयास सांगतो.