तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये नव्हेत

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा माणशी रोज २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. हा आकडा वाचला की मनात लगेच गुणाकार सुरू होतो. तेव्हाच्या विनिमय दराने तीन गुणिले पंच्याऐंशी, म्हणजे माणशी रोज अडीचशे रुपये. पाच माणसांच्या घराला महिन्याला अडतीस हजार. मग कुणी म्हणतं, या हिशेबाने निम्मा देश गरीब निघेल. कुणी म्हणतं, हे परदेशी आकडे आपल्याला लागूच पडत नाहीत.

गफलत गुणाकारात आहे. हा डॉलर बँकेत बदलून मिळणारा डॉलर नव्हे. अमेरिकेत एका डॉलरला जेवढी वस्तू मिळते, तेवढीच भारतात घ्यायला किती रुपये लागतात, यावर तो बेतलेला आहे. २०२१ च्या किमतींनुसार ते वीस-एकवीस रुपये होतात. म्हणजे रेषा माणशी रोज साधारण ६२ रुपयांची, पाच जणांच्या घराला महिन्याला नऊ हजारांच्या थोडी वर. त्यात घरच्या शेतातलं धान्यही धरलेलं असतं. या रेषेखाली २०११-१२ मध्ये भारतातले २७.१ टक्के लोक होते, २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के. घट खरी आहे आणि मोठी आहे. पण ज्याच्या वाट्याला रोज सत्तर रुपये येतात, त्याला गरिबीतून सुटलेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यातच दूध, गॅस, औषध, मुलाची वही आणि एसटीचं तिकीट बसवायचं असतं. ही रेषा तळ कुठे आहे ते सांगते, बरं चाललंय की नाही ते सांगत नाही.

आणखी एक. रेषा वर सरकली तेव्हा जगातल्या अतिगरिबांची संख्या सुमारे साडेबारा कोटींनी वाढली. त्या दिवशी नव्याने कुणी गरीब झालं नव्हतं, मोजपट्टी बदलली होती.

ही रेषा ज्यांत मोजपट्टी म्हणून वापरतात, त्या जागतिक विकास उद्दिष्टांबद्दल दुसरा समज असा की, ती म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा कायदा, आणि सोबत त्यांचा पैसा. दोन्ही चूक. सप्टेंबर २००० मध्ये न्यूयॉर्कला १८९ देशांनी जाहीरनामा मान्य केला. त्यातून २०१५ पर्यंतची आठ सहस्रक विकास उद्दिष्टं आली. २०१५ मध्ये १९३ देशांनी २०३० पर्यंतची सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं स्वीकारली. ती श्रीमंत देशांनाही लागू आहेत. गाठली नाहीत तर दंड नाही, खटला नाही. पैशाचं म्हणाल तर श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, हे १९७० मध्येच ठरलं होतं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजके देश तो शब्द बऱ्यापैकी पाळत आले, बाकीच्यांनी पाळला नाही. भारतात शाळा, लसीकरण, रोजगार हमी यांवरचा खर्च प्रामुख्याने इथल्याच करातून झाला.

मग ती पहिली आठ उद्दिष्टं फसली की साधली? दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने बोलतात आणि दोघंही अर्धंच सांगतात. अतिगरिबांचं प्रमाण १९९० च्या निम्म्यावर आणायचं होतं. ते मुदतीच्या पाच वर्षं आधी, २०१० मध्येच साधलं. पण त्यात सर्वांत मोठा वाटा चीनचा. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत प्रमाण ५७ टक्क्यांवरून ४१ पर्यंतच उतरलं. बालमृत्यू दोन तृतीयांशांनी कमी करायचे होते. जगात ते हजार जन्मांमागे ९० वरून ४३ वर आले. उद्दिष्ट हुकलं, तरी दरवर्षी साठ लाखांहून जास्त मुलं वाचू लागली. याला अपयश म्हणायचं तर त्या मुलांचा हिशेब कुठे मांडायचा?

इथेच मला सगळ्यात घातक वाटणारा समज येतो: उत्पन्न वाढू द्या, बाकीचं आपोआप होईल. बांगलादेशकडे पाहा. १९९० मध्ये तिथे हजारातली १४४ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती, भारतात १२६. २०१५ मध्ये बांगलादेश ३८ वर आला आणि भारत ४८ वर. या संपूर्ण काळात त्यांचं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा कमीच होतं. १९८० च्या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका घरोघर जाऊन आयांना शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. जुलाब लागलेल्या मुलाला हे पाजायचं. शिकवणारीला पैसे किती मिळणार, ते नंतर तपासायला आलेल्या माणसाला त्या आईने किती बरोबर सांगितलं यावर ठरायचं. अशी एक कोटीहून अधिक घरं झाली.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत हाच धडा नवजात बाळांसाठी गिरवला. गावातल्याच बाईला बाळ तोलायला, ऊब द्यायला, मिनिटाला किती श्वास पडतात ते मोजायला आणि न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. २०११ पासून हीच पद्धत देशभरच्या आशाताईंकडे आली. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. न्यूयॉर्कच्या उद्दिष्टांनी आकडा दिला आणि तारीख दिली. मूल कसं वाचवायचं ते अशा गावांनी दाखवलं.

अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांना सोबत घेऊन १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक मांडला, तो याच कारणाने: उत्पन्नाशेजारी आयुर्मान आणि शिक्षण ठेवलं की वेगळं चित्र दिसतं. पण तीही सरासरीच, आणि सरासरीवर विसंबून ‘महाराष्ट्राने हे सगळं केव्हाच गाठलं’ असं म्हटलं जातं. कागदावर ते खोटं नाही. २०३० पर्यंत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ७० च्या खाली आणायचे आहेत. २०१८-२० मध्ये भारत ९७ वर होता आणि महाराष्ट्र ३३ वर. मात्र नीती आयोगाने पोषण, शाळा, इंधन, शौचालय, घर असे बारा निकष लावून बहुआयामी गरिबी मोजली, तेव्हा २०१५-१६ मध्ये राज्याचा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास असताना नंदुरबार जिल्ह्याचा निम्म्याहून वर निघाला. पुढच्या फेरीत तो बराच उतरला, तरी राज्याच्या कितीतरी पट राहिला.

मातामृत्यूच्या त्या ३३ च्या सरासरीत पुण्याची बाळंतीण आहे आणि नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून बांबूच्या झोळीत रस्त्यापर्यंत आणलेलीही आहे. नमुना नोंदणीतून हा दर राज्यापुरताच निघतो, जिल्ह्याचा निघत नाही. पण प्रत्येक मातामृत्यूचं अन्वेषण जिल्हा पातळीवर होणं अपेक्षित आहे: बाई घरून कधी निघाली, गाडी कधी आली, रक्त मिळालं की नाही. नावं गाळून हे निष्कर्ष तालुकावार दरवर्षी छापायला हवेत. २०३० चं उत्तर राज्याच्या सरासरीआधी तिथे सापडेल.