साबण आहे, नोकरी आहे. मग विप्रोचा संगणक गेला कुठे?

अमळनेरच्या वनस्पती तुपापासून ‘सुपरजीनियस’ संगणकापर्यंत. खानदेशात जन्मलेल्या कंपनीने तीन दशकांनंतर संगणक बनवणे का थांबवले?

डिजिटल डेस्क

कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी, जि. जालना) : गावातल्या किराणा दुकानात संतूर साबण मागितला की वेष्टनावर कुठेतरी बारीक अक्षरात ‘विप्रो’ हे नाव दिसते. पारावरच्या गप्पांत ‘अमक्याचा मुलगा पुण्यात विप्रोला लागला’ हे वाक्यही नवे नाही. बारावीचा निकाल लागतो, इंजिनीअरिंगचा प्रवेश होतो आणि घरात लॅपटॉप घेण्याचे ठरते. कापूस किंवा मोसंबीच्या पट्टीतून बाजूला ठेवलेले पैसे घेऊन बाप-लेक जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात. दुकानात एचपी, डेल, लेनोव्हो, एसर, असुस अशी नावे असतात. विप्रो मात्र नसते.

एकेकाळी ते असायचे. सरकारी कार्यालयांत, बँकांत आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विप्रोचे संगणक होते. मग साबण टिकला, सॉफ्टवेअर टिकले आणि संगणकच का गेला? सरकार पुन्हा एकदा देशात लॅपटॉप बनवण्यासाठी हजारो कोटी रुपये देत असताना या प्रश्नाचे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे.

सुरुवात कुठे झाली?

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर. साने गुरुजींनी जिथे शिक्षक म्हणून काम केले आणि ज्या गावाला प्रताप शेठजींच्या गिरणीने ओळख दिली, तेच हे गाव. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना अमळनेरला उभा राहिला. परिसरात भुईमूग मुबलक होता आणि माल हलवायला सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग जवळ होता. कारखान्यातून ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप आणि ‘७८७’ हा कपड्यांचा साबण बाहेर पडू लागला.

ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजी यांचे निधन झाले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकणारा त्यांचा २१ वर्षांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धवट सोडून परतला आणि त्याने कंपनीची सूत्रे हाती घेतली. पुढच्या दशकात कंपनीने हायड्रॉलिक सिलिंडर बनवायला सुरुवात केली. टिपरची ट्रॉली वर उचलतो तो हाच भाग. १९७७ मध्ये कंपनीचे लांबलचक नाव आखडून ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झाले. ‘वेस्टर्न इंडिया प्रॉडक्ट्स’ या शब्दांतून ‘विप्रो’ तयार झाले.

तुपाच्या कंपनीला संगणक कसा सुचला?

याचे उत्तर दिल्लीतील राजकारणात आहे. परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, १९७३ मध्ये आला. त्यानुसार बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा होता. जनता सरकारमध्ये उद्योगमंत्री असलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी हा नियम रेटला. कोका-कोला गेली आणि १९७८ मध्ये संगणकातील बलाढ्य आयबीएमनेही भारतातून गाशा गुंडाळला.

आयबीएम गेल्याने जागा रिकामी झाली. बँका, कारखाने आणि सरकारी संस्थांना संगणक हवे होते, पण आयात करायची तर परवाने आणि भरमसाट शुल्क. ही पोकळी भरायला देशी कंपन्या पुढे आल्या. दिल्लीत शिव नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एचसीएल १९७६ मध्येच सुरू झाली होती. मुंबईत १९८० मध्ये राज सराफ यांनी झेनिथ कॉम्प्युटर्स सुरू केली. त्याच सुमारास प्रेमजींनीही बंगळुरूत संगणक विभाग उभारला. संशोधनाची धुरा श्रीधर मित्ता यांच्याकडे होती, तर पुढे अशोक सूता यांनी विप्रो इन्फोटेकचे नेतृत्व केले.

१९८१ मध्ये विप्रोचा पहिला मिनी संगणक आला. त्यात इंटेलचा ८०८६ प्रोसेसर होता. ‘मिनी’ म्हटले तरी आजच्या मानाने तो कपाटाएवढा. एका यंत्राला अनेक टर्मिनल जोडायची आणि सगळ्यांनी मिळून ते वापरायचे. टेबलावर मावणारा वैयक्तिक संगणक, म्हणजे पीसी, त्यानंतर आला. राजीव गांधी सरकारने नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर करून परवाने आणि शुल्क सैल केले आणि पीसीची बाजारपेठ उघडली.

उत्कर्षाचा काळ

त्या काळी संगणक विकणे म्हणजे खोके पोहोचवून मोकळे होणे नव्हते. वीज खेळखंडोबा करायची, धुळीने यंत्र बंद पडायचे, वापरणाऱ्याला कळ कुठली दाबायची हे शिकवावे लागायचे. विप्रोने गावोगावच्या ग्राहकांसाठी दुरुस्ती आणि सेवेचे जाळे विणले. पुढे कंपनीला तारले ते या जाळ्यानेच.

१९९० च्या दशकात तैवानच्या एसर कंपनीशी भागीदारी झाली आणि १९९९ मध्ये ‘विप्रो एसर’ ही कंपनी विप्रोने पूर्णपणे आपल्याकडे घेतली. ‘विप्रो सुपरजीनियस’ हा पीसी याच काळातला. वर्ष २००० उजाडताना संगणकांची घड्याळे चुकतील या ‘वायटूके’च्या धास्तीत सुपरजीनियसच्या सर्व मॉडेलना अमेरिकेतील चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले होते. पुढे पुदुच्चेरीच्या कारखान्यातून संगणक बाहेर पडत राहिले, ‘ई.गो’ नावाचे लॅपटॉपही आले.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत संगणक पोहोचला तो साधारण याच टप्प्यावर. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले, एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला आणि सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. तालुक्याच्या ठिकाणी आणि बाजारपेठेच्या गावांत संगणक केंद्रे उघडली. अनेक घरांतील मुला-मुलींनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो अशाच केंद्रात. मागणी वाढत होती. तरीही देशी कंपन्यांची पकड सुटत गेली.

मग बिघडले कुठे?

१. आतला माल दुसऱ्याचा. पीसीवर नाव विप्रोचे असले तरी प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा, विंडोज मायक्रोसॉफ्टची आणि स्क्रीन, मेमरी, हार्डडिस्क पूर्व आशियातून आलेली. देशात होत होती ती मुख्यतः जुळणी. दुसऱ्याच्या बागेतली मोसंबी विकत घ्यायची, क्रेटमध्ये भरायची आणि क्रेटवर आपले नाव लावायचे, असा हा व्यवहार. मोसंबीचा भाव बागवाला ठरवणार, क्रेटचा भाव गिऱ्हाईक पाडणार. मधल्याच्या हाती उरते ते थोडेच.

२. आयात शुल्क शून्यावर. १९९१ नंतर शुल्क टप्प्याटप्प्याने कमी झाले. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकांवरील आयात शुल्क शून्यावर आले. ग्राहकाला संगणक स्वस्त मिळाला. पण बाहेर तयार झालेल्या संगणकाला सीमेवर अडवणारी भिंतही राहिली नाही.

३. खालून असेंबल, वरून बहुराष्ट्रीय. ‘कंपनीचा घ्यायचा की असेंबल करायचा?’ हा प्रश्न त्या काळी घरोघरी होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळायचे आणि जिल्ह्याच्या गावातला दुकानदारही पीसी जोडून द्यायचा, तोही कमी किमतीत. दुसरीकडे एचपी, डेल, लेनोव्हो जगभरासाठी एकदम खरेदी करायच्या, त्यामुळे तोच भाग त्यांना स्वस्त पडायचा. देशी ब्रँड दोन्हींच्या मध्ये चिरडला गेला.

४. टेबलावरून मांडीवर, मांडीवरून खिशात. डेस्कटॉप इथे जोडणे सोपे. लॅपटॉपचे तसे नाही. त्याचा मदरबोर्ड, बॅटरी आणि सांगाडा एकमेकांत बसवलेले असतात आणि तो बहुधा तयारच आणावा लागतो. त्यात स्मार्टफोन आणि टॅबलेट आले. २०१३ मध्ये जगभरातील पीसी विक्री सुमारे १० टक्क्यांनी घसरली.

याच वर्षी विप्रोने डेस्कटॉप, लॅपटॉप आणि सर्व्हर बनवणे थांबवण्याचा निर्णय घेतला. आधी विकलेल्या यंत्रांची सेवा सुरू ठेवायची आणि यापुढे ग्राहकाला लागेल तो इतरांचा संगणक बसवून द्यायचा, असे धोरण ठरले.

ही एकट्या विप्रोची गोष्ट नाही

एचसीएल इन्फोसिस्टिम्सनेही त्याच सुमारास संगणकनिर्मितीतून अंग काढून घेतले. गोव्यात कारखाना असलेली मुंबईची झेनिथही बाजारातून दिसेनाशी झाली. आणि ज्या आयबीएमच्या जाण्याने हा खेळ सुरू झाला, तिनेही २००५ मध्ये आपला पीसी व्यवसाय चीनच्या लेनोव्होला विकून टाकला. पीसीला जगात रूढ करणाऱ्या कंपनीलाही त्यात राम उरला नाही असे वाटले.

साबण आणि सॉफ्टवेअर का टिकले?

१९९१ नंतर स्पर्धा वाढू लागली तेव्हा विप्रोच्या हार्डवेअर इंजिनीअरांपुढे प्रश्न होता की आता बनवायचे काय? कंपनीने त्यांचे कौशल्यच विकायला काढले. परदेशी कंपन्यांसाठी चिप, यंत्रे आणि सॉफ्टवेअरचे आरेखन बंगळुरूत करून देणे सुरू झाले. जणू प्रयोगशाळाच भाड्याने. ऑक्टोबर २००० मध्ये विप्रोचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले, ते या सेवांच्या बळावर.

साबणाचे गणित वेगळे. १९८०च्या दशकाच्या मध्यात बाजारात आलेला संतूर आज देशातील सर्वाधिक खपाच्या साबणांपैकी एक आहे. त्याची कृती, नाव आणि खेड्यातल्या दुकानापर्यंत माल नेणारी साखळी कंपनीच्या हातात आहे. (२०१३ मध्ये साबण-दिव्यांचा व्यवसाय ‘विप्रो एंटरप्रायझेस’ या वेगळ्या कंपनीत गेला. मालकी मात्र प्रेमजींकडेच राहिली.)

म्हणजे सेवेत माणसांचे कौशल्य कंपनीचे होते, साबणात कृती आणि वितरण तिचे होते. संगणकात फक्त वरचे नाव तिचे होते.

आता पुन्हा तोच प्रश्न

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉप, टॅबलेट आणि सर्व्हर देशात बनवणाऱ्यांसाठी १७,००० कोटी रुपयांची दुसरी उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना, म्हणजे ‘पीएलआय’, मंजूर केली. उत्पादन वाढवा आणि त्या प्रमाणात अनुदान घ्या, असे तिचे सूत्र. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली गेली. गदारोळ झाल्यावर ती पुढे ढकलली आणि नोव्हेंबरपासून ऑनलाइन परवानगीची व्यवस्था आली. त्याच महिन्यात डेल, एचपी, लेनोव्हो, फॉक्सकॉन यांच्यासह २७ कंपन्यांचे अर्ज योजनेत मंजूर झाले.

देशात जुळणी वाढेल आणि रोजगारही येतील. पण विप्रोचा अनुभव सांगतो की केवळ जुळणीवर उभा राहिलेला धंदा शुल्क किंवा अनुदान आहे तोवरच टिकतो. खरी कसोटी स्क्रीन, मेमरी, बॅटरी आणि चिप इथे बनतात का आणि त्यांचे आरेखन कोणाच्या नावावर असते, ही आहे. अनुदान संपल्यावर कारखाना इथेच राहिला, तरच मागच्या चुकीतून काही शिकलो असे म्हणता येईल.

लॅपटॉप घेणाऱ्या घरासाठी याचा अर्थ काय?

- कंपनी बाजारातून गेली की पहिला फटका बसतो तो सुट्या भागांना. घेण्याआधी त्या ब्रँडचे अधिकृत सेवा केंद्र सर्वांत जवळ कोणत्या शहरात आहे ते पाहा.
- ‘ऑनसाइट वॉरंटी’ म्हणजे तंत्रज्ञ घरी येणार. ती सगळ्याच पिनकोडला लागू असेल असे नाही. आपल्या गावाचा पिनकोड सांगून लेखी खात्री करून घ्या.
- पक्के बिल घ्या आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटीचा दावा यावरच उभा राहतो.
- तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय बंगळुरूत असले, तरी कुंभार पिंपळगावच्या ग्राहकाला दाद मागायला जालन्यापर्यंत जाणे पुरेसे आहे.

भुईमुगाच्या तेलातून सुरू झालेली कंपनी संगणकापर्यंत गेली आणि त्यातून वेळेत बाहेर पडून टिकली. कंपनीने आपला रस्ता शोधला. देशाचा लॅपटॉप मात्र अजून बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांवरच उभा आहे.