हत्तींच्या रस्त्यावरचा एक दिवस 🚴🐘

कैरो ते केपटाऊन! 'टूर द आफ्रिक' ही जवळपास १२,००० किमीची सायकल सफर २००३ साली सुरू झाली. साधारण चार महिने रोज सायकल, मधूनमधून विश्रांतीचा दिवस. त्यातला मला सर्वात ओढ लावणारा टप्पा म्हणजे बोत्स्वाना.

तिथला दिवस असा असतो:

🌅 उजाडायच्या आत तंबू गुंडाळायचा, सामान ट्रकवर चढवायचं, पोटभर नाश्ता करायचा आणि उजेड झाला की निघायचं.

🛣️ कासाने ते नाटा हा सुमारे ३०० किमीचा सपाट, सरळ डांबरी रस्ता. चढ नाही, पण वळणही नाही. तासन् तास एकाच लयीत पेडल मारायचं, म्हणजे मनाचाच कस. निम्म्या वाटेवर जेवणाचा ट्रक उभा असतो. तिथे बाटल्या भरून घ्यायच्या.

🐘 बोत्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, जगात सर्वाधिक. डांबरावर ताजी लीद आणि मोडलेल्या फांद्या दिसल्या की वेग कमी करायचा. कळप दिसला तर लांबच थांबायचं, घंटी वाजवायची नाही, त्यांना आधी जाऊ द्यायचं. पिल्लू सोबत असेल तर अंतर आणखी वाढवायचं.

⛺ मुक्कामी पोचल्यावर गरम सूप, साखळीची साफसफाई आणि संध्याकाळी फळ्यावर उद्याचा मार्ग.

रस्ता आधी हत्तींचा, मग आपला. हे मनात पक्कं ठेवून जो सायकल चालवतो, त्याला आफ्रिका जवळून भेटते. ❤️