गॉडफ्रेसाहेब: बॉण्डचा बॉस, मुंबईचा खलनायक

फेब्रुवारी १९४६ मधल्या मुंबईच्या नाविक उठावाची गोष्ट निघाली की व्हाइस अॅडमिरल जॉन गॉडफ्रे यांचं नाव येतंच. आरमार नष्ट झालं तरी बेहत्तर, पण बंड मोडून काढू, अशी धमकी रेडिओवरून देणारे ते हेच. बॉण्डपटांच्या शौकिनांना मात्र हे नाव माहीत असतं ते बॉण्डच्या वरिष्ठामुळे, म्हणजे त्यांच्यावरून बेतलेल्या ‘एम’मुळे. दोन्हीकडचा माणूस एकच आणि गैरसमजही दोन्हीकडे आहेत.

‘एम’ हा एमआय-सिक्स या ब्रिटिश हेरसंस्थेचा प्रमुख. त्यामुळे गॉडफ्रेही तेच असावेत, असं लोक धरून चालतात. ते त्या संस्थेचे प्रमुख कधीच नव्हते. १९३९ च्या सुरुवातीपासून १९४२ च्या अखेरपर्यंत त्यांच्याकडे होता तो ब्रिटिश नौदलाचा स्वतःचा गुप्तवार्ता विभाग. पुढे बॉण्ड लिहिणाऱ्या, तेव्हा शेअर दलालीत असलेल्या इयान फ्लेमिंग यांना त्यांनी आपला सहायक म्हणून उचललं. फ्लेमिंगचं बरंचसं युद्धही लंडनच्या अॅडमिरल्टीत, ३९ नंबरच्या खोलीत टेबलामागे गेलं.

पिस्तूल आणि पाठलाग तर विसराच. गॉडफ्रे यांच्या काळात हाती घेतलेलं एक मोठं काम होतं भूगोलाची पुस्तकं लिहून घेण्याचं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्राध्यापकांना बसवून देशोदेशींची बंदरं, रस्ते, हवामान यांची जाडजूड माहिती तयार झाली. परदेशी किनाऱ्यांवर सुट्टीत काढलेले फोटो पाठवा, असं आवाहन बीबीसीवरून सामान्य लोकांना केलं गेलं. कुणाच्या सहलीच्या फोटोत मागे दिसणारी भिंत किंवा वाळूचा उतार सैन्य उतरवताना कामी येई.

मला त्यांची सगळ्यात पटणारी गोष्ट म्हणजे बातमीला दिलेले दोन वेगळे शेरे. बातमी आणणारा किती भरवशाचा यासाठी अक्षर, बातमी किती खरी वाटते यासाठी आकडा. भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकून येतो आणि लबाडही कधी खरं बोलतो. म्हणून दोन्हींची गल्लत नको. पुढे लष्करांत ही पद्धत रुळली.

प्रेताजवळ खोटी कागदपत्रं ठेवून जर्मनांना फसवणारं ‘ऑपरेशन मिन्समीट’ गॉडफ्रे-फ्लेमिंग जोडीचं, हेही अर्धसत्यच. सप्टेंबर १९३९ च्या गॉडफ्रे यांच्या टिपणात अनेक क्लृप्त्यांमध्ये ही एक होती. बहुधा फ्लेमिंगने लिहिलेल्या त्या टिपणात ती एका कादंबरीतून उचलल्याची कबुलीही आहे. १९४३ मध्ये ती तडीस नेली यूअन माँटेग्यू आणि चार्ल्स चमली यांनी. तोवर गॉडफ्रे हिंदुस्थानात पोचले होते.

हिंदुस्थानच्या नौदलाचं प्रमुखपद ही बढती होती, असंही वाटू शकतं. खरं तर त्यांना लंडनमधून बाजूला काढलं होतं. डोकं तल्लख, जीभ तिखट. इतर दलांतल्या सहकाऱ्यांशी त्यांचं पटेना.

आता उठाव जिथे सुरू झाला ते कुलाब्याचं नौदल केंद्र ‘तलवार’. उठाव निव्वळ निकृष्ट जेवणावरून झाला, हा समज इंग्रजांच्याच सोयीचा. तिथे डिसेंबर १९४५ मध्ये, नौदल दिनाच्या सुमारास, भिंतींवर ‘चले जाव’च्या घोषणा रंगवलेल्या सापडल्या होत्या. फेब्रुवारीत त्याच कारणावरून तिथले नाविक बी. सी. दत्त यांना पकडलं. बातमी पारखण्याची पद्धत बसवणाऱ्या माणसाच्या नाकासमोर हे घडत होतं! १८ तारखेला संप पेटला तेव्हा मागण्यांत चांगलं अन्न होतं, गोऱ्यांइतका पगार होता, आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका व इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलावणं हेही होतं.

गॉडफ्रे यांनी जहाजांवर बाँब टाकले, असंही सांगितलं जातं. विमानं बंदरावरून घिरट्या घालून गेली, बाँब पडला नाही. नाविकांच्या कॅसल बॅरॅक्सवर मात्र गोळीबार झाला आणि शहरातल्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसं मेली. वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून २३ तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली.

गॉडफ्रे त्याच वर्षी निवृत्त झाले. दत्त यांना नौदलातून काढून टाकण्यात आलं. ते मुंबईतच ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये पत्रकार झाले आणि पुढे त्यांनी उठावाची हकिगत स्वतःच पुस्तकात लिहिली.