सीताफळाच्या बिया केसांपासून दूर ठेवा

शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले की मुलींच्या डोक्यात उवा सापडू लागतात आणि दोष वर्गाला दिला जातो. लागण मात्र सुट्टीतलीही असू शकते. पहिल्यांदा उवा झाल्या तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर त्या मैत्रिणींच्या डोक्यातही पोचतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. धुतलेल्या केसांतही ती राहते, त्यामुळे ही अस्वच्छतेची खूण नव्हे.

अहिल्यानगर जिल्हा सीताफळांचा. फळ खाऊन उरलेल्या बिया वाळवायच्या, कुटायच्या आणि तेलात कालवून केसांना चोळायच्या, हा इथल्या घरांतही ओळखीचा उपाय. बियांतल्या विषारी द्रव्यांनी उवा मरतात, म्हणूनच त्यावरचा विश्वास टिकून आहे. पण तीच भुकटी किंवा डोके धुतानाचा ओघळ डोळ्यात गेला, तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला जखम होते. डोळा लाल होतो, भयंकर ठणकतो, उघडवत नाही. अशा वेळी डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. एवढा धोका पत्करण्याजोगे या उपायात काहीही नाही. रॉकेल आणि शेतातली कीटकनाशकेही डोक्याला कधीच लावू नयेत.

औषधाच्या दुकानात मिळणारे 1 टक्का परमेथ्रिन ओलसर केसांना लावून 10 मिनिटांनी धुतात. त्याने लिखा मरत नाहीत आणि त्या सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी औषध पुन्हा लावावे लागते. बहुतेक घरांत चुकते ते इथेच. औषध नको असेल तर ओले केस बारीक दातांच्या फणीने दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे, मुळापासून विंचरावेत. घरातल्या सर्वांची डोकी तपासून ज्यांना उवा आहेत त्यांच्यावर एकाच दिवशी उपचार करावेत. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. घर फवारायची गरज नाही.

अकोले तालुक्यातल्या आश्रमशाळांत किंवा ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांत मुले शेजारी-शेजारी झोपतात. तिथे एकाच मुलीचे डोके साफ करून भागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. लिखा मात्र सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून वसतिगृहात दर आठवड्याला डोकी पाहणे आणि प्रत्येकीला स्वतःची फणी देणे आवश्यक आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली जी मुले पालकांबरोबर उसाच्या फडावर जातात, त्यांची शाळा आधीच बुडते. उवांसाठी त्यांना घरी पाठवणे हा अन्याय आहे. डोक्यातल्या उवांनी रोग पसरत नाहीत, त्यामुळे उपचार सुरू करून मूल वर्गात बसू शकते. खाजवून जखमा चिघळल्या किंवा कानामागे गाठी आल्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.